तक्रार एक, खाती अनेक

मोबाइलचे जाळे दूरसंचार विभागाकडे. ॲप आणि समाजमाध्यमे इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे; हे मंत्रालय २०१६ मध्ये स्वतंत्र झाले. ओटीटी आणि ऑनलाइन बातम्या नोव्हेंबर २०२० पासून माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या अखत्यारीत.

‘डिजिटल अटक’ची, म्हणजे तोतया पोलिसांनी व्हिडिओ कॉलवर केलेल्या खोट्या अटकेची, धमकी देणारा एक फोन घ्या. सिमकार्ड दूरसंचार विभागाच्या कक्षेत, व्हिडिओ कॉलचे ॲप माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या, पैसे वळवलेले खाते रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली, तर गुन्ह्याचा तपास राज्याच्या पोलिसांकडे. एवढ्या टेबलांवर कागद फिरेपर्यंत पैसे चार खाती ओलांडून गेलेले असतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कामकाज वाटपाचे नियम बदलून सायबर सुरक्षेच्या एकूण समन्वयाची जबाबदारी राष्ट्रीय सुरक्षा परिषद सचिवालयाकडे सोपवली. हे फार आधी व्हायला हवे होते.

मग तक्रार कुठे करायची? संशयास्पद फोन किंवा मेसेज आला, पण पैसे गेले नाहीत, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वरील ‘चक्षू’ सुविधेत कळवा. पैसे गेले असतील, तर तिथे वेळ घालवू नका. लगेच १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा मदत क्रमांक फिरवा.