रुग्णाचा अनुभव रुग्णालयाच्या कामी

डिसेंबर १९९४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरात बेट्सी लेहमन या ३९ वर्षांच्या महिला पत्रकाराचा मृत्यू झाला. ‘बोस्टन ग्लोब’ या दैनिकात त्या आरोग्यविषयक लेखन करीत. स्तनाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी त्या डेना-फार्बर या नामांकित कर्करोग संस्थेत दाखल झाल्या होत्या. तेथे चार दिवसांत मिळून द्यायचे तेवढे औषध त्यांना चारही दिवस रोज दिले गेले. आपले काहीतरी बिघडले आहे हे त्यांना स्वतःला जाणवत होते, पण चूक कोणाच्या लक्षात आली नाही. फेब्रुवारी १९९५ मध्ये नोंदी तपासताना ती उघडकीस आली.

या घटनेने संस्था हादरली. औषध देण्याच्या पद्धती बदलल्या, तपासण्या वाढल्या. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट घडली. १९९८ मध्ये संस्थेने रुग्ण व कुटुंबीयांचे सल्लागार मंडळ स्थापन केले. ज्यांनी खाटेवर पडून किंवा खाटेशेजारी बसून दिवस काढले, त्यांना कारभाराच्या टेबलाशी जागा मिळाली.

सल्लागार करतात काय?

हे सल्लागार औषधोपचार सुचवत नाहीत. ते काम डॉक्टरांचे. रुग्णालयाचा कारभार रुग्णाच्या बाजूने कसा दिसतो, हे ते सांगतात. घरी जाताना हाती मिळणारा सूचनांचा कागद सामान्य माणसाला कळतो का? फलक वाचून नवखा माणूस योग्य खिडकीपाशी पोहोचतो का? वाईट बातमी गर्दीच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या सांगितली जाते का? वर्षानुवर्षे तेथेच काम करणाऱ्यांच्या नजरेतून अशा गोष्टी सुटतात.

एक उदाहरण पाहा. कर्करोगाची औषधे घेणाऱ्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशी कमी होतात. त्याला ताप आला तर तातडीने उपचार हवेत, शिवाय इतर आजाऱ्यांच्या गर्दीत बसणे धोक्याचे. पण तातडीच्या विभागात वरवर धडधाकट दिसणारा असा रुग्ण सहज मागे राहतो. तासन्‌तास ताटकळलेल्या माणसाला हे जितके नेमके ठाऊक असते तितके कोणत्याही अहवालात सापडत नाही.

पुढे मॅसॅच्युसेट्स राज्याने २००८ मध्ये कायदाच केला. १ ऑक्टोबर २०१० पर्यंत प्रत्येक रुग्णालयात असे मंडळ असणे बंधनकारक झाले. निम्मे तरी सभासद रुग्ण किंवा कुटुंबीय असावेत, अशीही अट घातली गेली. एखाद-दुसरा रुग्ण नावापुरता बसवून भागणार नाही, हा त्यामागचा विचार.

हे काम कोणाला जमेल?

यासाठी वैद्यकीय शिक्षण लागत नाही, पण काही गोष्टी अवश्य लागतात.

मन थोडे सावरलेले हवे. जखम ताजी असताना बैठकीत बसणे स्वतःलाच जड जाते. आधी सावरा, मग या.

आपल्या अनुभवाच्या पलीकडे पाहता आले पाहिजे. ‘माझ्या आईला तीन तास कोणी विचारले नाही’ ही तक्रार झाली. ‘रात्री पाळी बदलताना नव्या परिचारिकेला रुग्णाची माहिती कशी दिली जाते?’ हा प्रश्न बदल घडवतो. पहिल्यातूनच दुसरा जन्मतो, म्हणून तो अनुभव लपवू नका. त्यातून प्रश्न घडवा.

तोंडाला कुलूप हवे. तेथे ऐकलेली कोणाचीही हकीकत बाहेर, अगदी घरीही बोलायची नाही.

आणि भीड सोडावी लागते. डॉक्टरांसमोर मान डोलावण्याची आपल्याला सवय असते. नुसतीच मान डोलावणारा सल्लागार रुग्णालयाच्या काही उपयोगाचा नाही.

आपल्याकडे काय?

आपल्या देशातही ही वाट अगदीच अनोळखी नाही. १९९४ मध्येच इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात रोगी कल्याण समितीचा प्रयोग सुरू झाला. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानंतर अशा समित्या देशभरातील सरकारी रुग्णालयांत पोहोचल्या. महाराष्ट्रात त्यांना रुग्ण कल्याण समिती म्हणतात. मात्र या समित्यांची रचना मुख्यतः कारभार व निधी यांभोवतीची आहे. खाटेवरून उठून आलेल्या माणसाचा आवाज त्यात आपोआप येत नाही. तो आणावा लागतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णांच्या हक्कांची सनद तयार केली. माहिती मिळण्याचा आणि तक्रार मांडण्याचा हक्क तीत आहे.

तेव्हा आपल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात जा. समितीवर कोण आहे, बैठक कधी होते, ते विचारा. खासगी रुग्णालय असेल तर व्यवस्थापनाला पत्र लिहून आपली तयारी कळवा. पत्रात दोनच मुद्दे लिहा. एक, आमच्या माणसासाठी तुम्ही काय चांगले केलेत. दुसरा, कोणती एक गोष्ट बदलली तर पुढच्या रुग्णाचा त्रास वाचेल.

केसपेपर कोठे काढायचा, रक्त तपासायला कोठे द्यायचे, रात्री नातेवाइकाने कोठे टेकायचे, हे सारे आपण एकदा धडपडत शिकलेले असतो. घरी परतल्यावर ते विसरून जावेसे वाटते. पण त्याच खाटेवर आज दुसरे कोणी आहे, आणि त्याच्या घरचे माणूस तीच धडपड पहिल्यापासून करते आहे.