आक्रमक मध्यरक्षकाचे श्रेष्ठत्व : एक विवेचन

प्रस्तावना : फुटबॉलपटूचे मूल्यमापन बहुधा त्याने केलेल्या गोलांवरून होते. आक्रमक मध्यरक्षकाच्या बाबतीत मात्र हा निकष अपुरा ठरतो. कारण त्याचे मुख्य कार्य गोलापूर्वीच पार पडलेले असते.

स्थान व कौशल्ये : प्रतिस्पर्ध्यांची मधली फळी व बचाव फळी यांमधील अरुंद जागा हे त्याचे कार्यक्षेत्र होय. चेंडू येण्यापूर्वीच भोवताली नजर टाकणे, पहिल्याच स्पर्शात चेंडू वळवणे आणि अचूक क्षणी पास देणे ही त्याची प्रमुख कौशल्ये आहेत. ऑफसाइडच्या नियमात सहकाऱ्याची जागा पास देतानाच्या क्षणी पाहिली जाते. त्यामुळे किंचित विलंबही आक्रमण निष्फळ करतो.

उदाहरण : गोव्याचे ब्रँडन फर्नांडिस (जन्म १९९४) हे या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. थांबलेल्या चेंडूवरही त्यांची हीच अचूकता दिसते. २० एप्रिल २०२१ रोजी एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध त्यांच्या फ्री किकवर एदू बेदिया यांनी हेडरने गोल केला. स्पर्धेच्या गटसाखळीतील भारतीय क्लबचा तो पहिला गोल होता. एफसी गोवा संघाने सामना १-२ असा गमावला. गोल बेदिया यांच्या नावे नोंदला गेला. परंतु त्याची रचना फर्नांडिस यांची होती.

निष्कर्ष : महाविद्यालयीन संघनिवडीत वेग व शरीरयष्टी सहज मोजता येतात, खेळाची दृष्टी मात्र नाही. म्हणून निवड चाचणीत लहान मैदानावरील सामने घेऊन, चेंडू येण्यापूर्वी खेळाडू किती वेळा भोवताली पाहतो याची नोंद ठेवणे आवश्यक आहे. अन्यथा संघाला सर्वाधिक गरज असलेला खेळाडूच निवडीतून वगळला जाण्याचा धोका संभवतो.