विश्लेषण : वितरक बुडाला, तर कॉमिक्सचे दुकान का हादरते?

‘द बिग बँग थिअरी’ ही मालिका पाहिलेल्यांना स्टुअर्टचे कॉमिक्सचे दुकान नक्की आठवत असेल. शेल्डन आणि मंडळी नवे अंक घ्यायला नेमाने तिथे जातात, स्पायडरमॅन भारी की बॅटमॅन यावर तासन् तास वाद घालतात आणि गल्ल्यावरचा स्टुअर्ट मात्र कायम कफल्लक. हा विनोद लेखकांनी हवेतून आणलेला नव्हता. १४ जानेवारी २०२५ रोजी ‘डायमंड कॉमिक डिस्ट्रिब्युटर्स’ या कंपनीने दिवाळखोरी कायद्याच्या ‘चॅप्टर ११’खाली न्यायालयात अर्ज केला आणि अमेरिकेतल्या अशा असंख्य स्टुअर्टांच्या छातीत धडकी भरली. डायमंड कॉमिक्स छापत नाही, चित्रपट काढत नाही. ती फक्त खोकी भरून पाठवत असे. मग तिच्या बुडण्याने एवढे काय बिघडले?

कॉमिक्सचे दुकान चालते कसे?

आपल्याकडे कॉमिक्स म्हटले की पेपरचा स्टॉल किंवा रेल्वे स्थानकावरचा गाळा डोळ्यांसमोर येतो. ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधला वेताळ आणि जादूगार मँड्रेक १९६४पासून असाच घरोघर पोहोचला, पुढे मराठीतूनही. अमेरिकेतही आधी हेच होते. औषधांचे दुकान, किराणा, नाक्यावरचा स्टॉल असे कुठेही फिरत्या जाळीदार स्टँडवर कॉमिक्स टांगलेली असत. न खपलेले अंक परत जात. परत म्हणजे बहुधा फक्त मुखपृष्ठाची पट्टी फाडून पाठवायची. उरलेला अंक रद्दीत जाणे अपेक्षित होते. पुढे तर पट्टीही नको, ‘इतके अंक नष्ट केले’ एवढा लेखी कागद पुरे, असे झाले. मग कागदावर नष्ट झालेले अंक मागल्या दाराने विकले जाऊ लागले नसते तरच नवल.

फक्त कॉमिक्स विकणाऱ्या दुकानाचे गणित वेगळे आहे. इथे गिऱ्हाईक नेहमीचे असते. ‘मला दर महिन्याला हे चार अंक बाजूला काढून ठेवा’ अशी त्याची यादी, म्हणजे ‘पुल लिस्ट’, दुकानदाराकडे असते. पूर्वापार बुधवार हा नव्या अंकांचा दिवस. त्या दिवशी खोकी फुटतात, अंक नावानिशी वेगळे होतात आणि संध्याकाळी मंडळी जमतात. जुने अंक प्लास्टिकच्या पिशवीत, मागे पुठ्ठा घालून, लांबट खोक्यांत उभे लावलेले असतात. खेळणी, टी-शर्ट, पत्त्यांचे आणि फाशांचे खेळ यांवर दुकानाचा मोठा आधार असतो, पण माणूस तिथे येतो तो बुधवारच्या अंकासाठी.

ही पद्धत आणली कोणी?

फिल स्युलिंग या ब्रुकलिनमधल्या शाळामास्तराने. इंग्रजी शिकवता शिकवता तो १९६८पासून न्यूयॉर्कमध्ये कॉमिक्सप्रेमींची संमेलने भरवत असे. १९७२-७३च्या सुमारास त्याने प्रकाशकांपुढे सौदा ठेवला : मला थेट माल द्या, सवलत जास्त द्या, बदल्यात मी एकही अंक परत करणार नाही. ‘सी गेट’ ही त्याची वितरण कंपनी त्यातून उभी राहिली. प्रकाशकांना सोन्याहून पिवळे झाले. किती छापायचे हे आधीच कळू लागले आणि परतीचा घोळ मिटला. हाच तो ‘डायरेक्ट मार्केट’. वाचकांनाही अंक वेळेवर आणि न चुरगळता मिळू लागले. हाती उरलेल्या जुन्या अंकांनाही संग्राहक भाव देत होते, त्यामुळे दुकानदारांना ‘परत नाही’ ही अट तेव्हा जड वाटली नाही.

ती जड कशी झाली?

समजा, एका अंकाची किंमत ४ डॉलर आहे आणि दुकानदाराला तो २ डॉलरला पडतो. त्याने २० अंक मागवले तर ४० डॉलर गेले. १० विकले गेले तर पैसे फिटले, पण भाडे, वीज, पगार खिशातून. १२ विकले तर ८ डॉलर हाती आणि आठ अंक खोक्यात. आता १२च मागवावेत म्हटले, तर ज्या महिन्यात २० जण येतात त्या महिन्यात आठ जण रिकाम्या हाताने जातात आणि त्यातले काही पुन्हा येत नाहीत. शिवाय ही मागणी अंक हातात येण्याच्या सुमारे दोन महिने आधी, ‘प्रीव्ह्यूज’सारखी जाडजूड सूची चाळून नोंदवायची. अंतिम आकडा बदलण्याची मुभाही अंक येण्याच्या काही आठवडे आधी संपते. चित्रकार बदलला, कथेने वळण घेतले, नव्या मालिकेवर समाजमाध्यमांत टीकेची झोड उठली, तरी तोवर खोके निघालेले असते.

पुल लिस्टचा भरवसाही तोंडीच. एखादा तरुण नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जातो, दुकानात सांगायला विसरतो आणि त्याच्या नावाचे अंक तीन-तीन महिने साठत राहतात. ते पैसे दुकानदाराने केव्हाच भरलेले असतात. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी साजऱ्या होणाऱ्या ‘फ्री कॉमिक बुक डे’चीही गंमत अशी की अंक फुकट असतो तो वाचकाला, दुकानदार त्यासाठी प्रतीमागे थोडे का होईना पैसे मोजतो. २००२मध्ये ‘स्पायडरमॅन’ चित्रपट झळकला त्याच्या दुसऱ्याच दिवशी हा उपक्रम सुरू झाला. कल्पना होती कॅलिफोर्नियातल्या जो फील्ड या दुकानदाराची.

एकच वितरक कसा उरला?

स्युलिंगच्या मागोमाग अनेक प्रादेशिक वितरक आले. त्यांतला एक स्टीव्ह गेपी. टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या या माणसाने १९७४मध्ये बाल्टिमोर भागात स्वतःचे दुकान थाटले आणि १९८२मध्ये डायमंड काढली. पुढे छोटे वितरक गिळत ती वाढत गेली.

नव्वदचे दशक उजाडले ते सट्ट्याचे. जुन्या कॉमिक्सना लिलावात लाखोंचा भाव मिळतो, हे वाचून लोक नवे अंकही गुंतवणूक म्हणून घेऊ लागले. १९९१च्या ‘एक्स-मेन’च्या पहिल्या अंकाला पाच वेगवेगळी मुखपृष्ठे होती, त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती गेल्या आणि गिनीज बुकात नोंद झाली. पण ८० लाख प्रती म्हणजे ८० लाख वाचक नव्हेत. एकेक जण पाच-पाच घेत होता. १९९२च्या नोव्हेंबरात सुपरमॅनचा मृत्यू दाखवणारा अंक काळ्या पिशवीत सीलबंद होऊन, आत दंडावर बांधायच्या काळ्या फितीसह आला. लोकांनी रांगा लावल्या आणि पिशवी न फोडता तो कपाटात ठेवला. लाखोंच्या संख्येने असणारी वस्तू दुर्मीळ होत नाही, हे लक्षात यायला वर्ष-दीड वर्ष लागले. तोवर दुकाने परत न जाणाऱ्या मालाने गच्च भरली होती. हजारो दुकाने मिटली.

त्याच सुमारास मार्व्हलने एक घाव घातला. १९९४च्या अखेरीस तिने ‘हीरोज वर्ल्ड’ हा न्यू जर्सीतला वितरक विकत घेतला आणि पुढल्या वर्षी जाहीर केले की आमचे अंक आता फक्त इथूनच मिळतील. त्या प्रादेशिक कंपनीला देशभराचा पसारा झेपला नाही. खोकी उशिरा येत, अपुरी येत. इकडे डीसी, इमेज, डार्क हॉर्स यांनी डायमंडशी एकमेव वितरणाचे करार केले. ‘कॅपिटल सिटी’ हा दुसरा मोठा वितरक १९९६मध्ये डायमंडनेच घेतला. डिसेंबर १९९६मध्ये खुद्द मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला, हीरोज वर्ल्डला टाळे लागले आणि १९९७मध्ये मार्व्हलही मुकाट डायमंडच्या दारात आली. अमेरिकेच्या न्याय विभागाने या मक्तेदारीची चौकशी केली आणि २०००मध्ये कारवाईविना फाइल बंद केली. कॉमिक्स हा एकूण पुस्तक व्यवसायाचा लहानसा भाग आहे, असा त्यामागचा युक्तिवाद होता. तो पुस्तकांच्या बाजारापुरता ठीक. पण ज्याच्या दुकानातला बहुतेक सगळा माल एकाच गोदामातून येतो, त्याच्यासाठी तो बाजार लहान कसा?

करोनाने काय केले?

मार्च २०२०च्या अखेरीस डायमंडने नवे अंक पाठवणे थांबवले. ते २० मेपर्यंत सुरू झाले नाही. जवळपास दोन महिने अमेरिकेत नव्या कॉमिक्सचा पुरवठाच आटला. डीसीने याच खंडात दुसरी वाट शोधली आणि जूनमध्ये डायमंडशी पाव शतकाचे नाते तोडून टाकले. इंडियानातली ‘लुनार’ ही कंपनी पुढे आली. ऑक्टोबर २०२१पासून मार्व्हल ‘पेंग्विन रँडम हाऊस’कडे गेली, मग आयडीडब्ल्यू आणि डार्क हॉर्सही. २०२३मध्ये ‘इमेज’ने लुनारची वाट धरली. म्हणजे २०२५च्या जानेवारीत अर्ज दाखल झाला तेव्हा डायमंडची गोदामे तीच होती, खर्च तेच होते, पण त्यांतून जाणारा मोठा माल केव्हाच दुसरीकडे वळला होता.

मक्तेदारी मोडली हे वरकरणी बरेच झाले. पण दुकानदाराची सवलत मागणीच्या आकारावर ठरते. पूर्वी सगळी मागणी एकाच खात्यावर जमा होई. ती तिघांत वाटली गेली की प्रत्येकाकडची सवलत घसरू शकते. खोकी तीन, वाहतुकीची बिले तीन, सूच्या तीन, तक्रार करायचे फोन क्रमांकही तीन. चार माणसांच्या दुकानात हे काम बहुधा मालकच रात्री शटर ओढल्यावर करतो.

दिवाळखोरीत अडकले कोण?

लिलावात फ्लोरिडातली ‘अलायन्स एंटरटेन्मेंट’ जिंकली, पण एप्रिलमध्ये तिने अंग काढून घेतले आणि प्रकरण कोर्टात गेले. मे २०२५मध्ये कंपनीचे तुकडे होऊन ते कॅनडातली ‘युनिव्हर्सल डिस्ट्रिब्युशन’ आणि ‘अ‍ॅड पॉप्युलम’ यांच्याकडे गेले. इथवर नेहमीची कथा. खरा धक्का जूनमध्ये बसला. डायमंडच्या मिसिसिपीतल्या गोदामात शंभरहून अधिक प्रकाशकांचा माल विक्रीसाठी ठेवलेला होता. विकेल तसे पैसे द्यायचे, तोवर मालकी प्रकाशकाची, असा व्यवहार. मराठी प्रकाशकांना तो समजावून सांगायला नको. आपली किती तरी पुस्तके विक्रेत्यांकडे याच बोलीवर पडून असतात. डायमंडने न्यायालयाकडे मागणी केली की हा मालही विकून कर्ज फेडू द्या. प्रमुख कर्ज होते ‘जेपी मॉर्गन चेस’ या बँकेचे.

दुसऱ्याची पुस्तके विकून आपले देणे कसे फेडता येईल? अमेरिकी व्यापार कायद्यानुसार असा माल ठेवताना ‘हा आमचा आहे’ अशी सूचना सरकारदफ्तरी नोंदवावी लागते. ती नसेल तर धनको त्या मालावर हक्क सांगू शकतो. दोन-तीन माणसांच्या प्रकाशनसंस्थेत हा कागद कोण भरणार? वर्षानुवर्षे ज्याच्याशी व्यवहार केला, त्याच्याविरुद्ध आगाऊ नोंद करावी, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. लहान प्रकाशक एकत्र आले, त्यांनी वकील दिला, हरकत नोंदवली. एकीकडे डायमंडकडून विकलेल्या अंकांचे पैसे थकलेले आणि दुसरीकडे न विकलेल्या अंकांसाठी कोर्टाच्या पायऱ्या, अशी त्यांची दुहेरी कोंडी झाली.

लहान प्रकाशक गेले तर काय जाते?

मार्व्हल-डीसी तरतील; त्यांच्यामागे डिस्ने आणि वॉर्नरचे पाठबळ आहे. पण ‘टीनएज म्युटंट निंजा टर्टल्स’चा पहिला अंक १९८४मध्ये केविन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड या दोघांनी उसनवारी करून काढला, तो सुमारे तीन हजार प्रतींचा. ‘द वॉकिंग डेड’ २००३मध्ये आले तेव्हा पहिल्या अंकाची मागणी सात हजारांच्या आसपास होती. त्यावर दूरचित्रवाणी मालिका यायला सात वर्षे लागली. जेफ स्मिथने ‘बोन’ १९९१पासून स्वतःच छापले. ही तिन्ही नावे आज जगभर ठाऊक आहेत आणि तिन्ही आधी गल्ल्यावरच्या कोणा दुकानदाराने, परत न करण्याच्या अटीवर, स्वतःच्या पैशाने मागवली होती. गिऱ्हाइकाच्या हातात ‘हे बघ, तुला आवडेल’ म्हणून ठेवली होती. मोठ्या साखळी दुकानात हे काम सहसा कोणी करत नाही.

डायमंड या छोट्यांची फार कनवाळू होती, असेही नाही. २००९मध्ये तिने सूचीत स्थान मिळवण्यासाठीची किमान घाऊक विक्री १५०० डॉलरवरून २५०० केली आणि अनेकांना दार बंद झाले. तरी ते एक दार होते. आता नव्या वितरकांच्या प्राधान्यक्रमात सातशे प्रतींचे मासिक काढणारा कुठे बसतो, हे ज्याचे त्याने जाऊन विचारायचे आहे.

दरम्यान वाचकही सरकला आहे. २०१९मध्ये उत्तर अमेरिकेत कॉमिक्सची पुस्तक-दुकानांतली विक्री पहिल्यांदाच खास कॉमिक्सच्या दुकानांपुढे गेली. जपानी मांगा आणि ‘डॉग मॅन’सारखी मुलांची पुस्तके हे त्याचे मुख्य कारण. शाळेतला मुलगा कॉमिक्स वाचतो, भरपूर वाचतो; फक्त बुधवारची वाट पाहत नाही. म्हणून बरीच दुकाने आता ३२ पानी अंकांची मागणी कमी करून जाड पुस्तके, मांगा आणि खेळांची टेबले वाढवत आहेत. त्या पुस्तकांतली बरीचशी, पुस्तक-व्यवसायाच्या जुन्या रिवाजानुसार, न खपल्यास परतही करता येतात.