गाव कुठलं तुमचं?

प्लॉट दाखवायला आलेला मुरलेला एजंट आधी दर सांगत नाही. ‘गाव कुठलं तुमचं?’ असं विचारतो. सातारा म्हटलं की कंदी पेढे निघतात, मग पाऊस, मग मुलांची शाळा. या गप्पांत माहिती फारशी नसते. ‘मी परका नाही’ एवढंच त्या सांगतात. मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये अशा बोलण्याला ‘फॅटिक कम्युनियन’ असं नावच दिलं.

अशा गप्पांचा उपयोगही होतो. २००२ मध्ये संशोधक मायकेल मॉरिस आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना ईमेलवरून वाटाघाटी करायला लावल्या. ज्या जोड्या आधी काही मिनिटं फोनवर इकडचं तिकडचं बोलल्या होत्या, त्यांची बोलणी कमी फिसकटली. २०१७ मधला हार्वर्डच्या संशोधकांचा अभ्यास मला अधिक मोलाचा वाटतो: मिळालेल्या उत्तराचा धागा धरून पुढचा प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडतात. ‘सातारा? छान!’ म्हणून थांबू नये. ‘गावी आता कोण असतं?’ असं विचारावं आणि उत्तर खरंच ऐकावं.

गुंतवणूकदारांना मात्र कळकळीनं सांगते, सूर जुळला तरी प्रकल्पाचा महारेरा क्रमांक स्वतः तपासा. जमिनीवर कर्जाचा बोजा चढवलेला असेल, तर तो सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात पाहायचा.