शेत गेले, भूखंड आला

पनवेलच्या परिसरात जिथे भाताची खाचरे होती, तिथे आज नवीन पनवेलच्या इमारती उभ्या आहेत. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर वसविण्याचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच शेतकरी गोळीबारात बळी पडले; त्यानंतरच साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व मान्य झाले. परंतु भूखंड एकदाच विकता येतो, शेत दरवर्षी पिकते. शिवाय ज्याच्या नावे सातबारा नव्हता, त्या शेतमजुराचे काय? आता ‘नैना’च्या आराखड्यात तालुक्यातील आणखी गावे आली आहेत. मोबदल्याने व्यवहार पुरा होतो, न्याय नव्हे. कसणाऱ्या हातांना नव्या शहरात काम मिळेल, तेव्हाच त्याला विकास म्हणावे.