मधल्या फोननी किती वेळ गप्प राहायचं?

पुरात टॉवर बंद पडले, तर आमचेच फोन एकमेकांना जोडून बोलता येईल का, असं एका वाचकाने विचारलं आहे. निरोप नक्की पाठवता येतात. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या आंदोलकांनी फायरचॅट हे ॲप असंच वापरलं. २०२५ मध्ये आलेलं बिटचॅटही ब्लूटूथवरून एका फोनचा निरोप दुसऱ्यामार्फत पुढे सरकवतं. पण निरोप दोन मिनिटं उशिरा आला तरी कामाचा असतो. आवाज १५० मिलिसेकंदांत पोहोचला तर बोलणं सहज वाटतं. ४०० ओलांडले की संभाषण मोडतं.

खरी अडचण हवेत आहे. स्लॅब टाकताना घमेली हातोहात वर जातात ना? तिथे नियम केला, की एकाने घमेलं पुढे देताना आसपासच्या दोघा-तिघांनी हात बांधून उभं राहायचं, तर काम किती होईल? एकाच चॅनेलवरच्या फोनना हेच करावं लागतं, नाहीतर लहरी एकमेकींत मिसळतात. लांब साखळीत हाती येणारा वेग मूळच्या वेगाच्या फार तर चौथा हिस्सा, असं एमआयटीच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवलं. वायफायच्या नियमांनी चालवून पाहिलं, तेव्हा सातवाच हिस्सा उरला! त्याआधी, २००० साली, पियूष गुप्ता आणि पी. आर. कुमार यांनी गणिताने सिद्ध केलं होतं, की फोन वाढतात तसा प्रत्येकाचा वाटा घटतो. म्हणून ‘जितके फोन, तितकं जाळं बळकट’ हा प्रचार मला पटत नाही.

त्यात माणसं चालती-फिरती, म्हणजे वाटही बदलती. जुनी, मोडलेली वाट कशी ओळखायची? चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांनी १९९४ मध्ये सुचवलं, की प्रत्येक फोनने आपल्याकडे येणाऱ्या वाटेच्या खबरीवर चढता क्रमांक घालावा. मोठा क्रमांक ती ताजी खबर. किती साधं आणि किती सुंदर! पुढे गाजलेल्या एओडीव्ही या वाट शोधण्याच्या पद्धतीतही हेच क्रमांक आहेत, पण भागवतांचं नाव क्वचित निघतं.

वाट सापडली, तरी ती कॉलसाठी राखून ठेवणं व्यर्थ. राखलेला फोनच निघून जातो. कोलंबिया विद्यापीठातल्या ‘स्वॉन’ या पद्धतीने म्हणूनच राखीव जागा सोडून दिल्या. कॉलआधी एक चाचणी-निरोप वाटेवरची सर्वांत अरुंद जागा पाहून येतो. जागा नसेल तर कॉल सुरूच होत नाही. फाइली आणि फोटो यांचा वेग प्रत्येक फोन स्वतःच आवरतो. आणि वाट बदलून गर्दी झालीच, तर चालू कॉलपैकी काहींना पुन्हा परवानगी मागावी लागते.