औषधांच्या डब्यातील काटकसर

मराठी मध्यमवर्गाच्या सद्गुणांत काटकसरीला जो मान आहे तो यथायोग्यच होय. परंतु रिकाम्या बाटलीपासून लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीपर्यंत प्रत्येक जिन्नस पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून जपून ठेवणारी ही वृत्ती जेव्हा औषधांच्या डब्यात शिरते, तेव्हा तिच्यातील गुण कोठे संपतो आणि अपाय कोठे सुरू होतो, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. मागच्या आजारातील उरलेल्या चार गोळ्या, झाकणाशी साखर धरलेली खोकल्याच्या औषधाची बाटली, डोळ्यांत घालावयाच्या थेंबांची अर्धी कुपी आणि कशासाठी आणले होते याचे विस्मरण झालेले एखादे मलम, एवढा ऐवज बहुतेक घरांत सापडतो.

या सवयीचे मूळ आजीबाईच्या बटव्यात असावे. हिरडा, सुंठ, वेखंड, जायफळ, मुरडशेंग ही वाळलेली द्रव्ये कोरड्या जागी पुष्कळ दिवस राहत, आणि बाळघुटी देताना कोणत्या द्रव्याचे सहाणेवर किती वेढे घ्यावयाचे हे घरातील वडीलधाऱ्या बाईला मुखोद्गत असे. म्हणजे द्रव्याची ओळख, मात्रेचा अंदाज आणि देण्याचा अधिकार या तिन्ही गोष्टी एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटलेल्या असत. बटव्याच्या जागी डबा आला तेव्हा साठविण्याची सवय तेवढी राहिली. देखरेख मात्र लोपली.

कारखान्यात तयार झालेल्या औषधाला उष्णता, ओलावा आणि प्रकाश हे तीन शत्रू आहेत, आणि आपण डबा ठेवतो तो नेमका स्वयंपाकाच्या ओट्यावरील फडताळात किंवा न्हाणीघरातील कपाटात. कोकणातल्या पावसाळी हवेत उघडी राहिलेली अ‍ॅस्पिरिनची गोळी विघटन पावू लागली की तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. इतर अनेक औषधे मात्र असा कोणताही दाखला न देता निर्बल होतात. वेष्टनावर 25 किंवा 30 अंश सेल्सिअसची मर्यादा छापलेली असते ती याच कारणासाठी, आणि म्हणून निजावयाच्या खोलीतील कोरडे, मुलांच्या हाती न लागणारे व कुलूपबंद कपाट हीच औषधांची योग्य जागा होय. सर्वच औषधे फ्रिजमध्ये कोंबणे हाही उपाय नव्हे. इन्शुलिनच्या न उघडलेल्या कुप्यांना 2 ते 8 अंशांचा थंडावा लागतो खरा, परंतु तेच इन्शुलिन गोठले तर टाकून द्यावे लागते.

मुदतीविषयीचा गैरसमज याहून खोल आहे. वेष्टनावरील तारीख ही मोहोरबंद औषधाची असते. झाकण उघडल्यावर हिशेब बदलतो. डोळ्यांचे थेंब सामान्यतः उघडल्यापासून महिनाभरात संपवावे अथवा टाकावे. मुलांसाठी पाणी घालून तयार केलेले प्रतिजैविक औषध बहुधा सात ते चौदा दिवसच टिकते. आणि एक लिटर पाण्यात कालवलेली जलसंजीवनी चोवीस तासांनंतर वापरू नये. गोळ्यांच्या पट्टीचा प्रश्न तर आपल्या बाजारातील रिवाजामुळेच उद्भवतो, कारण दुकानदार पाच गोळ्या कापून देतो तेव्हा नाव एका तुकड्यावर आणि मुदत दुसऱ्या तुकड्यावर, अशी वाटणी पुष्कळदा होते. अशा वेळी मुदत असलेला भाग मागून घेण्यात किंवा मुदत बिलावर लिहून घेण्यात संकोच बाळगू नये.

उरलेल्या औषधाचा खरा धोका ते दुसऱ्या आजारात, किंवा दुसऱ्याच माणसाला, दिले जाते तेव्हा प्रकट होतो. प्रतिजैविकाच्या गोळ्या उरतात त्या बहुधा बरे वाटताच घेणे थांबविल्यामुळे. त्याच पुढे सर्दीवर, म्हणजे विषाणूंच्या रोगावर, निष्कारण खर्ची पडतात आणि जंतूंना औषध न जुमानण्याचे शिक्षण देतात. पट्टीवरील लाल रेषा म्हणजे हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये, अशी ताकीदच होय. पॅरासिटामॉलची गोष्ट निराळी आहे. ते चिठ्ठीवाचून मिळते आणि योग्य मात्रेत निर्धोकही आहे. पण क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो अशा अनेक नावांनी, शिवाय सर्दीच्या मिश्र गोळ्यांतूनही, तेच पोटात जात असल्याने प्रौढांसाठी असलेली दिवसाला चार ग्रॅमची कमाल मर्यादा नकळत ओलांडली जाते, आणि त्याचे प्रायश्चित्त यकृताला भोगावे लागते. गरोदर स्त्रियांना मिळणाऱ्या लोहाच्या रंगीत गोळ्या मुलांना गोळ्या-बिस्किटांसारख्या भासतात, आणि त्या अधिक संख्येने पोटात गेल्यास प्राणावर बेतू शकते.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत डबे घासताना हाही डबा पालथा करावा. नाव, मुदत वा प्रयोजन यांपैकी एखादी गोष्टही ठाऊक नसलेले औषध वेष्टनातून काढून चहाच्या चोथ्यात मिसळावे आणि बांधलेल्या पिशवीतून कचऱ्यात द्यावे. बाटलीवरची चिठ्ठी फाडल्याखेरीज ती भंगारवाल्याच्या हाती पडू देऊ नये. जे ठेवावयाचे ते मूळ वेष्टनातच ठेवावे, आणि डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्याबरोबर जपावी. यात पैसा वाया गेला असे वाटून हळहळू नये, कारण औषधाची किंमत रोग बरा झाला त्याच दिवशी वसूल झालेली असते.